तीन टोप्यांचं अपील

"त्यात काय हाय, सोपं हाय की."

आमच्या मामांच्या तोंडच्या या एका वाक्यानं माझी साडेतीन वर्षं मातीत घातली. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ज्याच्यावर चिडायचं तो माणूस समोर बसून शांतपणे बशीत चहा ओतत असतो, तेव्हा चिडून तरी करता काय?

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री. वर्कशॉप उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, माझ्या वडिलांनी, आबांनी, काढलेलं. आम्ही गुऱ्हाळांसाठी उसाचे चरक बनवतो. आबा गेले तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं की आता ही बाई शटर ओढून जागा भाड्यानं देणार. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, पण तो केल्यावर वीस वर्षं पोळ्या लाटलेल्या. तरी शटर उघडं राहिलं ते मामांच्या जिवावर. मी फ्रॉक घालून वर्कशॉपात यायचे तेव्हापासून ते मला अक्का म्हणतात, आणि तेव्हापासूनच माझं काही ऐकत नाहीत.

चरक कसा जोडतात हे थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग कळायचा नाही. चरकात तीन जड रोलर असतात आणि दोन्ही बाजूंना बिडाच्या दोन जाड प्लेटा. प्रत्येक प्लेटला तीन भोकं, त्या भोकांत रोलरच्या आसाची टोकं बसतात. जुनी रीत अशी की एक प्लेट उभी करायची, रोलर चेनपुलीला आडवा टांगून एकेक टोक भोकात सरकवायचं, आणि तिन्ही बसले की समोरून दुसरी प्लेट आणायची. तीन टोकं तीन भोकांत एकदम जात नाहीत. एक बसतंय तोवर दुसरं निसटतं. मग कुणीतरी मध्ये हात घालून टोक धरायचं आणि बाकीच्यांनी प्लेट रेटायची. असाच एकदा मामांनी हात घातला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मी तेव्हा सासरी होते. आबांनी फोनवर एवढंच सांगितलं की मामांना लागलंय. दोन महिन्यांनी मामा कामावर आले आणि त्याच रीतीनं चरक जोडायला लागले, कारण दुसरी रीतच नव्हती.

मी वर्कशॉप हातात घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका दुपारी मामा जेवणाच्या डब्याबरोबर फडक्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. सोडलं तर आत लोखंडाच्या तीन टोप्या, लेथवर कातलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या. तिन्ही तीन उंचीच्या. मला म्हणाले, "अक्का, आज आपुन चरक निजवून जोडू." त्यांनी एक प्लेट जमिनीवर आडवी ठेवली. तिच्या तीन भोकांत तीन रोलर उभे केले, खांब रोवावेत तसे. वरच्या तीन टोकांवर त्या तीन टोप्या चढवल्या. मग दुसरी प्लेट पुलीनं वर नेली आणि हळूहळू खाली सोडली. सगळ्यात उंच टोपी आधी भोकात शिरली. प्लेट तिच्याभोवती जराशी फिरली, तेवढ्यात दुसरी टोपी सापडली, आणि तिसरी आपली आपण जागेवर. टोप्या वरून काढून घेतल्या, नट आवळले, सगळा चरक उभा केला. कुणाचा हात एकदासुद्धा मध्ये गेला नाही.

मी बघतच राहिले. म्हटलं, "मामा, हे कधी सुचलं?"

"सुचायचं काय त्यात," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

पुढच्याच आठवड्यात एक कॉलेजचे सर आपल्या प्रोजेक्टसाठी वर्कशॉप बघायला आले होते. ते टोप्या हातात घेऊन उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे कुणाला दाखवू नका. याचं पेटंट होईल." माझ्या डोक्यात तो किडा तिथं शिरला. आमच्या प्रत्येक चरकावर आबांच्या नावाची पितळी पट्टी असते. जिल्ह्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळात जा, ती पट्टी दिसेल. मामांनी अडतीस वर्षांत शेकड्यानं चरक जोडले, पण त्यांचं नाव एका नटावर नाही. आबा म्हणायचे, तुझं नाव कुठंतरी लावायचं राहिलंय रे. ते राहिलंच. म्हटलं, आता सरकारी कागदावर लागेल, शिक्क्यासकट. शोध लावणारा म्हणून त्या कागदावर एकच नाव असेल, मामांचं.

मामांना सांगितलं तर हसले. "कशाला त्यो नाद?" पण अर्जावर सही करताना हळूच म्हणाले, "कागद आला की मला दे एकदा. हिला दाखवायचाय." ही म्हणजे मामी. ते दोघं हातकणंगल्याजवळ एका खेड्यात राहतात, मामा रोज तिथून येऊन-जाऊन करतात. मी म्हटलं, "देणार म्हणजे काय, फ्रेम करून देते." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुण्याच्या एका वकीलबाईंनी अर्ज तयार केला. हुशार बाई, बोलणं मुद्द्याचं. त्यांनी विचारलं, "ही कल्पना कशी सुचली, थोडक्यात लिहून द्या." मी लिहून दिलं की मामा एका दुपारी टोप्या घेऊन आले आणि त्या दिवशी चरक जोडला गेला. मला जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. ते वाक्य आता कुणी माझ्यासमोर वाचलं तर मी उठून जाईन.

दीड वर्षानं पेटंट ऑफिसचं पत्र आलं. म्हणे पद्धत नवीन आहे हे मान्य, पण ती उघड आहे. त्यांनी दोन जुन्या परदेशी पेटंटांचे कागद जोडले होते. एकात कुठल्याशा गिअरच्या पेट्या आडव्या ठेवून जोडल्या होत्या. दुसऱ्यात निमुळत्या खुंट्या वापरून झाकण बसवलं होतं. हे दोन कागद शेजारी ठेवले की त्या कामात तरबेज असलेल्या माणसाला आमची रीत सहज सुचेल, असं त्यांचं म्हणणं.

मी वकीलबाईंना फोन केला. "हा तरबेज माणूस कोण? कुठं राहतो? बोलवा त्याला उद्यमनगरात."

"तो खरा माणूस नसतो," त्या म्हणाल्या. "कायद्यानं कल्पिलेला असतो. त्यानं जगातले सगळे संबंधित कागद वाचलेले असतात, पण त्याला स्वतःचं नवं काही सुचत नाही."

म्हणजे बघा. सगळं वाचलेला आणि डोकं नसलेला एक मिस्त्री, जो कधी जन्माला आला नाही, ज्याचा हात कधी प्लेटेत सापडला नाही, त्याला सुचेल म्हणून आमच्या जित्याजागत्या मिस्त्रीला सुचलेलं फुकट. ऐकावं ते नवलच.

उत्तर म्हणून वकीलबाई म्हणाल्या, की या धंद्यातल्या दुसऱ्या लोकांकडून लिहून आणा, की आम्ही वर्षानुवर्षं चरक जोडतो पण आम्हाला हे सुचलं नव्हतं. मला वाटलं, सोपं काम आहे. गल्लीत चरक करणारी आणखी तीन वर्कशॉपं, सगळी आबांच्या ओळखीची, घरच्यासारखी. पहिल्याकडं गेले. काका म्हणायची मी त्यांना. चहा झाला, वडे झाले, आबांच्या आठवणी निघाल्या, डोळे पुसून झाले. मग मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"मला सुचलं न्हाय, असं माझ्या सहीनं लिहून देऊ व्हय? गल्लीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का माझी?"

"काका, मामांचं नाव लागेल हो."

"लागू दे की. माझी काय हरकत हाय? पण मला सुचलं नव्हतं असं नको. मला सुचलं असतं. टाइम मिळाला न्हाय."

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यानं तर सांगितलं की त्याच्या मनात हे दहा वर्षांपूर्वीच आलं होतं, पण म्हटलं करायचं कशाला. तीनही ठिकाणी मी चहा पिऊन परत आले. एका सहीसाठी एवढा चहा आयुष्यात प्यायले नाही.

तुम्ही म्हणाल, ही माणसं खोटारडी. तसं नाही. आमच्या गल्लीत काम अवघड आहे असं म्हणायची रीतच नाही. गिऱ्हाईक मोडलेला शाफ्ट घेऊन आला आणि "हे हुईल का?" म्हणाला, की मिस्त्रीनं त्याकडं नीट न बघता म्हणायचं, "सोपं हाय, उद्या या पावणं." मग रात्रभर त्याची झोप उडाली तरी चालेल. अवघड म्हणाला तो कच्चा. आणि दुसरी रीत अशी, की बिघडलेलं काम कुणाला दाखवायचं नाही. लेथवर चढवलेल्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. जॉब बिघडला तर मालक यायच्या आत तो भंगारात खाली घालून वर दुसरं भंगार टाकायचं. माझ्या आबांनीही उमेदवारीत असंच केलं होतं, आणि पुढं मालक झाल्यावर भंगाराचा ढीग कधी उकरला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. या रीती मला लहानपणापासून पाठ होत्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे मी कुणाच्या माथी मारू?

मग सुनावणी झाली, लॅपटॉपवर. ऑफिसच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी मी, माझ्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून मामा. वकीलबाई पुण्याहून, पेटंट ऑफिसचे साहेब मुंबईहून. साहेब मराठीच होते, आणि वाईट माणूस वाटला नाही. त्यांनी मामांना सगळी रीत सांगायला लावली. मामांनी टोप्या हातात घेऊन झकास सांगितली. मग साहेब म्हणाले, "दुसऱ्या एखाद्या चांगल्या फिटरला हे जमेल का?"

मी टेबलाखालून मामांच्या पायावर पाय दिला.

"त्यात काय हाय, सोपं हाय की," मामा म्हणाले. "एकदा बगितलं की कुणीबी करंल."

साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. लॅपटॉप बंद झाल्यावर मी मामांना म्हटलं, "अवघड आहे असं एकदा म्हणाला असता तर जीभ झडली असती का?"

"सोप्या कामाला अवघड म्हनू?" मामांना खरंच कळेना. "अक्का, म्या ते सोपं केलंय. सोपं केलं म्हनून तर आपुन हितं बसलोय न्हवं?"



अर्ज फेटाळला. निकालात मामांचं वाक्य होतं, शुद्ध इंग्रजीत, शोध लावणाऱ्यानं स्वतः सुनावणीत कबूल केलं आहे की कोणताही फिटर हे सहज करू शकतो. वकीलबाई म्हणाल्या, "बघितल्यावर सोपं वाटणं आणि बघण्याआधी सुचणं, यात फरक आहे. हा मुद्दा हायकोर्टात टिकू शकतो. अपील करू." मी म्हटलं, करा. घरचे म्हणाले, पुरे आता. नवरा म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला? मामांनी केलंय हे आपल्याला माहीत आहे ना, झालं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आपल्याला माहीत असण्याचं काय लोणचं घालायचंय? आपल्याला अडतीस वर्षं माहीतच होतं.

अपिलाला तारखा पडत गेल्या. तेवढ्यात मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला. लेथवर माप घेताना ते पट्टी डोळ्याजवळ नेऊ लागले. म्हणाले, "ही केस झाली की डोळं करून घेतो, मग बास." म्हणजे काम सोडणार. मी तारखेची वाट बघायची आणि तारीख पुढं जायची. एकदा तर मी मुंबईपर्यंत जाऊन नुसती परत आले.

शेवटी सुनावणी लागली तेव्हा मामांना बरोबर घेऊन गेले. वकीलबाई म्हणाल्या होत्या की त्यांची गरज नाही. मी म्हटलं, त्यांच्या नावाचं आहे, त्यांना बघू दे. मामा शेवटच्या बाकावर बसले, मांडीवर फडकं, फडक्यात टोप्या. वकीलबाई छान बोलल्या. म्हणाल्या, कोडं सुटल्यावर उत्तर सगळ्यांनाच दिसतं. दोन कागद शेजारी ठेवायला आधी कुठले दोन ते कळावं लागतं. न्यायाधीशबाई लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्ये एकदा मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "ही रीत सापडायच्या आधी काही प्रयत्न फसले होते का? त्याचा काही पुरावा, काही नमुने? अर्जात तर एका दुपारी सुचलं असं दिसतंय. तसं काही असेल तर प्रकरण पेटंट ऑफिसकडे परत पाठवून त्याचा विचार करायला सांगता येईल. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा."

बाहेर व्हरांड्यात आलो. वकीलबाई, त्यांची मदतनीस, पलीकडं सरकारी वकील पाण्याची बाटली घेऊन उभे, आणखी दोन-चार काळे कोट. सगळ्यांच्या मध्ये मी मामांना विचारलं, "मामा, ह्या टोप्यांच्या आधी काही करून बघितलं होतं का? काही बिघडलं होतं? चुकलं होतं?"

मामांनी एकदा त्या काळ्या कोटांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ताठ झाले.

"माझ्या हातनं आजवर एक जॉब बिघडल्याला न्हाय," ते म्हणाले.

आणि खरं सांगते, मला त्या क्षणी अभिमान वाटला. मी वकीलबाईंना म्हटलं, "नाही हो, मामांच्या हातून काही बिघडत नाही." त्यांनी एक सुस्कारा टाकला. सुट्टीनंतर त्यांनी कोर्टाला सांगितलं की तसा काही पुरावा नाही. अपील फेटाळल्याचा निकाल तीन आठवड्यांनी आला. भाषा सभ्य होती. मामांच्या कौशल्याचं दोन ओळींत कौतुक केलं होतं आणि तिसऱ्या ओळीत संपवलं होतं.

मामांना मी ऑफिसात बसवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि त्या दिवशीचा चरक पूर्ण करून घरी गेले. चार दिवसांनी त्यांनी डोळा करून घेतला.

मी बघायला गेले. हातकणंगल्याच्या पुढं आत वळलं की उसातून रस्ता जातो, त्या वाटेनं. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. मामा डोळ्याला पट्टी लावून पलंगावर बसलेले. मामींनी पाणी दिलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "अक्का, आला का वो कागद?"

मी मामांकडं बघितलं. ते उघड्या डोळ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. मी उठून दाराकडं गेले. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक लाकडी पाचर लावली होती. मी सहज बघितलं. मग खाली बसून नीट बघितलं. पाचर गोल होती, वर निमुळती होत गेलेली, आतून पोखरलेली. बाभळीची.

"मामी, हे काय आहे?"

"ते व्हय? आनी लई हायत की." मामी पलंगाखाली वाकल्या आणि पत्र्याचा एक मोठा डबा ओढून बाहेर काढला. "बोटं गेल्यापास्नं ह्येंचं हेच. घरी आलं की रंधा आन् कानस घिऊन बसायचं. नऊ वर्सं घरात भुसाच भुसा. लोटून लोटून माझी कंबर गेली."

मामा म्हणाले, "ठेव ते आत." मामींनी ऐकलं नाही.

मी एकेक काढत गेले. तीन रोलरांचा एवढा एवढा लाकडी नमुना, दोन फळ्या, फळ्यांना तीन भोकं. टोप्या आखूड, टोप्या लांब. तिन्ही एकाच उंचीच्या, त्यावर पेन्सिलीनं फुली. मग चौकोनी. मग टोप्या नाहीतच, दोरीची युक्ती, तिच्यावर फुली. दोन उंच एक बुटकी, फुली. मध्येच एका तुकड्यावर फुली नव्हती, तो दोन तुकडे करून मोडलेला होता, रागानं मोडल्यासारखा. आमच्या मामांना राग येतो हे मला त्या दिवशी कळलं. मी मोजत गेले. फुल्यांचे एक्केचाळीस तुकडे होते.

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. दुःखानं नाही, संतापानं. "मामा, मी कोर्टात विचारलं होतं. तोंडानं विचारलं होतं. एवढ्यासाठीच त्या बाईंनी सुट्टी दिली होती."

"चार लोकांत इचारलंस अक्का," मामा म्हणाले. "बिघडल्यालं काम चार लोकांत कोन सांगतंय?"

"मग नंतर सांगायचं."

"नंतर तू म्हनालीस, मामांच्या हातनं काय बिघडत न्हाय. लई अभिमानानं म्हनालीस. मग कसं सांगू?"

मी अंगणात जाऊन वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जे पहिल्यापासून तुमच्याच माणसाच्या घरात होतं, ते आता नव्यानं सापडलं म्हणून कोर्टात नाही नेता येत. एक महिना आधी असतं ना, तर मी हा डबा उचलून न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला असता." माझ्या मनात आलं, की मी या बाईंना अर्जाच्या पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं, एका दुपारी सुचलं. दोन वर्षं मी त्या नसलेल्या मिस्त्रीला शिव्या देत होते. पण मामांना किती वर्षं लागली, हे मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मलाही ते सोपंच वाटलं होतं.

आत आले. मामींना म्हटलं, "मामी, कागद नाही आला. येणार पण नाही. आपण हरलो."

मामींनी एकदा नवऱ्याकडं बघितलं. मग डब्याकडं बघून म्हणाल्या, "मग हे आता चुलीत घालू का? नुसती अडगळ."

"नको," मी म्हटलं, आणि डबा उचलला. दाराची पाचरसुद्धा घेतली. तिच्या जागी दगड लावून दिला.

डोळा बरा झाल्यावर मामा कामावर आले. सोडतो म्हणाले होते, पण सोडलं नाही, मीही विषय काढला नाही. ऑफिसात दारासमोरच आबांच्या फोटोखाली मी एक फळी ठोकून घेतली आहे आणि त्यावर ते सगळे तुकडे मांडलेत, फुलीसकट, कुणालाही दिसतील असे. शेवटी लोखंडाच्या तीन टोप्या. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तेव्हा मी सांगते की हे आमच्या मिस्त्रींचं नऊ वर्षांचं काम आहे, आणि ते लई अवघड होतं. मामांना ते अजिबात आवडत नाही. मी सांगायला लागले की ते उठून बाहेर जातात. रोज संध्याकाळी घरी जाताना ते फडकं घेऊन येतात आणि सगळी फळी नीट झाकून ठेवतात. रोज सकाळी मी ते फडकं काढते.